महालक्ष्म्यांच्या दिवशी टोपी बसली

"सत्ये, इस्तो मरू देऊ नको. रात्री राखेत झाकून ठेवाचा, सकाळी फुकून जागा कराचा. शेजारणीच्या चुलीतून मांगून आणाची पाळी या घरावर येऊ देऊ नको."

मनकर्णाबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी सत्यभामाबाई पहाटे अंघोळ करून चुलीपुढे बसल्या की आधी सासूचा, मामीजींचा हा आवाज येई, मग देवाचं नाव. आजही त्यांनी उलथन्याने राख बाजूला सारली. खाली रात्रीचा इस्तो, पेरूएवढा निखारा, तांबडा होऊन बसला होता. त्यांनी हात जोडले.

आज ज्येष्ठेचं पूजन आणि घराण्याचं जेवण. काल संध्याकाळी महालक्ष्म्या, दोघी बहिणी, वाजतगाजत आल्या होत्या आणि आता माजघरात नवी लुगडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, सगळं उन्हं डोक्यावर यायच्या आत त्यांच्यापुढे वाढायचं होतं. आणि पाऊस रात्रभर थांबला नव्हता. पडवीत रचलेल्या तुराट्या ओल्या, कापसाच्या पऱ्हाट्या ओल्या, गोवऱ्या तर हातात घेतल्या की पुन्हा शेण होत होत्या.

चुलीच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, ती दुसरी शेगडी होती. लोखंडी, तीन पायांची. आखाजीच्या सुमाराला त्यांच्या मुलाने, शालिग्रामने, ढोरांच्या कोठ्यामागे विहिरीसारखा पक्का हौद बांधून घेतला, त्यात शेणपाणी कालवून सोडलं आणि तिथून नळी आणून ही शेगडी बसवली. गावातला पहिला गोबर गॅस. सत्यभामाबाईंनी तिच्यावर चहा होऊ दिला, दूध तापू दिलं, आल्यागेल्याची भाजीही होऊ दिली. देवाचा नैवेद्य मात्र चुलीवरच.

लोकांना वाटे, म्हातारीला शेणाचा विटाळ वाटतो. शेणाचा कसला विटाळ? सारवल्याशिवाय त्या देवापुढे रांगोळीसुद्धा घालत नसत. त्यांचं अडलं होतं दुसऱ्याच ठिकाणी. लग्न होऊन आल्यापासून रोजच्या सैपाकातला पहिला घास त्या चुलीतल्या अग्नीला देत आल्या होत्या. आणि या शेगडीतला अग्नी? आगपेटीची काडी ओढली की जन्मला, चावी फिरवली की मेला. दिवसातून चारदा मरणाऱ्याला घास कसा भरवायचा, हे त्यांना कळत नव्हतं. कुणाला विचारावं, हेही कळत नव्हतं.

त्यांनी निखाऱ्यावर ओली तुराटी ठेवली. तुराटी पेटली नाही, नुसती धुमसली.

*

रुक्मिणी माजघराच्या उंबऱ्याशी बसून अंबाडी निवडत होती. शालिग्रामची बायको, सत्यभामाबाईंची सून. हात भाजीत होते आणि कान माजघरात, कारण तिथे चुलतसासरे आणि नवरा दोघेही देवीच्या मखराला लागले होते, आणि दोघेही फार वेळ गप्प होते.

वामनराव ओलं सोवळं नेसून पाटावर उभे होते. देवीच्या डोक्यावर करंज्या, साटोऱ्या, पिठाची वेणी-फणी दोऱ्याने टांगायची, हा फुलोरा बांधावा तर वामनरावांनीच, असं गाव म्हणत असे. अंगाने दांडगा माणूस, पण करंजी कधी फुटायची नाही. त्यांनी एक गाठ मारली आणि खाली न बघताच म्हणाले,

"शालिग्राम, देवी बोळवली की गवंडी येऊन राह्यला. कोठ्यात मधून भिंत घालतो. माही ढोरं तिकडं, तुही इकडं."

शालिग्रामच्या हातातला केळीचा खुंट तसाच राहिला. "आजाच्या हातचा कोठा हाय तो, काका."

"आजानं कोठा बांधला. हौद नाही बांधला."

"म्हणजे हौदाचाच राग हाय. पोळ्यापासून तुमच्या ढोराचं शेण हौदात येऊन नाही राह्यलं. सहदेवले इचारलं तर तो म्हणते, मालकानं उकिरड्यावर टाकाले सांगतलं."

"हाव. म्याच सांगतलं. सालदाराले काऊन इचारतं? मले इचार."

"तुम्हालेच इचारतो. एकट्या माह्या ढोरांवर टोपी नाही उचलत. जरा मांगं जाऊन पाहून या, कशी बसली ते."

टोपी म्हणजे हौदावर उलटं घातलेलं मोठं लोखंडी पिंप. आत गॅस साचला की ते वर उचलायचं, संपत आला की खाली बसायचं. गावानेच त्याला टोपी हे नाव दिलं होतं. मागच्या वाटेने नदीवर जाणारं कुणीही टोपीकडे एक नजर टाकून सांगे, आज शालिग्रामकडे पाहुण्याला चहा मिळेल की नाही. पोळ्यापासून टोपी दिवसेंदिवस खाली चालली होती आणि गाव ते पाहत होतं.

"बसू दे," वामनराव म्हणाले. "शालिग्राम, दुधातलं लोणी काढलं तर मांगं काय राह्यते?"

"काका, हे दूध नाही..."

"ताक राह्यते. शेणातला जाळ तू काढून घेतला. सत्त्व गेलं चुलीत. आता ते ताक माह्या वावरात टाकतं अन् म्हणतं, पऱ्हाटी पोसन? आखाडात मिर्चीच्या वाफ्याले घातलं होतं ना तुहं हौदातलं? सारी रोपं जळाली."

"तुम्ही घट्टच ओतलं मुळाशी. पातळ कराचं असते."

"ताक अजून पातळ करू?"

रुक्मिणीला हसू आलं. तिने ते अंबाडीत दडवलं. शालिग्रामला मात्र हसू आलं नाही. तो पुढे झाला, आवाज उतरवून म्हणाला, "काका, दसऱ्यानंतर पंचायत समितीवाले खेड्याखेड्यातले शेतकरी घेऊन पाह्याले येणार हायत. शेजारच्या सुभद्राबाईच्या घरचे थांबले हायत, तुमचं पाहून आमचं करू म्हणते. अन् ते येतील तवा टोपी जमिनीले टेकलेली! मंग या भागात गोबर गॅसचं नाव कोणी घेईल का?"

"न घेतलेलंच बरं."

"काऊन पण?"

वामनरावांनी दोऱ्याला नवी करंजी लावली. आतून, सैपाकघरातून, तानाबाईचा खोकला आला. एक उबळ, मग दुसरी, मग तो लांबत जाणारा, शिटीसारखा श्वास. वामनरावांची बायको. या घरात तो खोकला इतका जुना होता की माजघरातल्या दोघांनीही मान वळवली नाही. रुक्मिणी तेवढी भाजी टाकून उठली.

*

सैपाकघरात धुराने माणूस दिसत नव्हतं. तानाबाई मागच्या दाराची चौकट धरून ओणवी झाली होती. सोवळ्याचं लुगडं, केस ओले, डोळ्यांतून पाणी. चुलीवर पुरणाची डाळ नुसती तापली होती, उकळी नव्हती.

"ताने, ऊठ. इकडं बाहेर बस," सत्यभामाबाई म्हणाल्या. "रुक्मिणी सोवळं नेसन, तिच्या हातानं होऊ दे औंदा."

तानाबाईने मान हलवली. श्वास सापडायला वेळ लागला. "नाही, बाई. मामीजींनी तुमाले इस्तो देल्ला, मले पुरण देल्लं. महालक्ष्म्यांचं पुरण माह्याच हातचं."

ती पुन्हा चुलीपुढे बसली, फुंकणी तोंडाला लावली, आणि एवढासा वारा गेला नाही तोच खोकल्याने फुंकणी हातातून गळाली. तिच्या पाठीवर हात फिरवताना सत्यभामाबाईंना तिची एकएक फासळी लागली. दोघी जावा एकाच मांडवात सुना झाल्या नव्हत्या, पण या एका चुलीपुढे म्हाताऱ्या झाल्या होत्या. आपण हिला रोज खोकताना ऐकतो, त्यांच्या मनात आलं, आणि रोज पुढची भाकर टाकतो.

त्यांनी शेगडीकडे पाहिलं. तानाबाईला ते कळलं.

"नको, बाई. यायनं पाह्यलं तर भिंत उद्याच घालतील."

"घालू दे. भिंतीपलीकडं तू खोकलीस तर मले ऐकू येईल का, मले तेवढं सांग."

रुक्मिणी लगबगीने फळीवरची आगपेटी घ्यायला गेली. "आत्याबाई, मी लावू?"

"ते राहू दे तिकडं."

सत्यभामाबाईंनी शिंक्यावरची, धुराने वाळून खडखडीत झालेली एक तुराटी काढली. चुलीत राखेखालच्या निखाऱ्याला तिचं टोक टेकवलं आणि वाट पाहिली. ओठ हलत होते. टोक तांबडं झालं, मग त्याला केसाएवढी ज्योत आली. पदराआड धरून त्यांनी ती शेगडीपाशी नेली आणि सुनेला म्हणाल्या, "फिरव."

रुक्मिणीने चावी फिरवली. फुस्स् झालं आणि निळा जाळ गोल उभा राहिला.

"आगपेटीतून नाही आला हा," त्या पुटपुटल्या. "मामीजींच्या चुलीतून आला. शेणाच्या घरी राहाले गेला, एवढंच."

मग त्यांनी चिमूटभर तांदूळ तुपात भिजवून त्या निळ्यावर सोडले. तूप तडतडलं. निळ्यात एक पिवळी जीभ उठली, घास घेतला आणि पुन्हा निळी झाली. सत्यभामाबाई ते पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"ठेव, ताने, डाळ. आंबील मात्र चुलीवरच हं. तिची घाई नाही, ती होईल धुमसत धुमसत."

"सगळंच ह्याच्यावर काऊन नाही, आत्याबाई?" रुक्मिणीने विचारलं.

"सगळं एका दिवशी मांगू नये, पोरी. देवाले नाही अन् म्हातारीलेही नाही."

*

वामनरावांचा फुलोरा संपत आला होता. शेवटची फणी टांगताना त्यांना कसलातरी त्रास होऊ लागला. काहीतरी राहिलंय, असं वाटे. मखर पाहिलं, समया पाहिल्या, विड्याची पानं पाहिली. सगळं जिथल्या तिथे. पावसानेही उघडीप दिली होती. तरी मन लागेना.

मग लक्षात आलं. खोकला येत नव्हता.

ते पाटावरून उतरले. चार पावलं सावकाश टाकली आणि पाचवं धावत. गेल्या सालच्या महालक्ष्म्यांना तानाबाई चुलीपुढेच आडवी झाली होती, ती धास्ती त्यांनी कुणाजवळ कधी बोलून दाखवली नव्हती. तेव्हाही आधी खोकला थांबला होता.

सैपाकघराच्या दारात ते उभे राहिले. तानाबाई पाटावर मांडी घालून बसली होती. पुढ्यात पातेलं, खाली निळा जाळ, हातात पळी. ती गुळाचा खडा डाळीत सोडत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. देवीचंच काही असावं. वामनरावांना शब्द कळले नाहीत. त्यांना एवढंच आठवलं की लग्न होऊन आली तेव्हा ही गात असे, आणि मग कधी थांबली ते आपल्याला ठाऊक नाही.

रुक्मिणीने त्यांना पाहिलं आणि पदर सावरून कोपऱ्यात सरकली. सत्यभामाबाईंनीही पाहिलं. वामनरावांना ओरडायचं होतं. देवीच्या नैवेद्याला हे? न विचारता? शब्द तोंडाशी आले होते.

तेवढ्यात जाळ झुकला.

तो आधी पातेल्याच्या बुडापासून सुटला, मग शेगडीच्या भोकांशी आला, मग नुसता निळा धागा राहिला. पातेल्यातली डाळ गूळ घेऊन पातळ झाली होती. पुरणाची हीच वेळ अशी असते की जाळ तुटला तर ते पुन्हा आटत नाही.

"टोपी बसली," रुक्मिणी हळूच म्हणाली.

तानाबाईने वर पाहिलं आणि तिला नवरा दिसला. तिने पातेलं चिमट्याने उचललं, चुलीवर ठेवलं, फुंकणी घेतली आणि धुरात तोंड घातलं.

वामनराव तसेच मागच्या दाराने बाहेर पडले.

*

कोठ्यामागे शालिग्राम चिखलात दगड शोधत होता. सोवळ्यातले काका येताना पाहून तो उभा राहिला आणि भांडायच्याच तयारीने म्हणाला, "आता काय उरलं सांगाले? बसली तुमच्या मनासारखी."

"देवीचं पुरण अर्ध्यावर हाय," वामनराव म्हणाले. "काही इलाज हाय का नाही तुह्या या भट्टीत?"

"आत थोडासाक गॅस असन. जोर नाही त्याले. टोपीवर वजन ठेवलं तर जोर येते, हौद बांधाले आलेल्या खादीवाल्यानं सांगतलं होतं. तेच तर धोंडे पाहून राह्यलो."

वामनरावांनी टोपीकडे पाहिलं, मग पुतण्याच्या हातातल्या नारळाएवढ्या धोंड्याकडे, मग त्याच्या शिडशिडीत अंगाकडे.

"तुह्यानं अन् तुह्या धोंड्यानं काय दबते बे?"

त्यांनी धोतराचा सोगा खोचला, हौदाच्या कठड्यावर पाय दिला आणि शालिग्राम "काका, काका" म्हणेस्तोवर टोपीच्या मधोमध जाऊन बसले. टोपीने एक हुंकार दिला. कडेने बुडबुडे आले. आतून, सैपाकघराच्या झरोक्यातून, रुक्मिणीची आरोळी आली:

"आला! काकू, आला जाळ! पातेलं आणा!"

"हालू नका, काका. कलते ती."

"नाही हालत. तू जाय, आत सांग, पुरण होईस्तोर मी इथून उठत नाही."

शालिग्राम गेला. वामनराव त्या लोखंडी टोपीवर एकटे बसून राहिले. वरून ढग उघडत होते. आणि याच वेळी मागच्या वाटेने सुभद्राबाई आली. शेजारीण, सत्यभामाबाईंच्या बरोबरीची, हातात देवीसाठी पडवळ आणि तोंडाला कधी कुलूप नाही. ती थांबली. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अवं माय! वामनभाऊजी, अंडे उबवून राह्यले का?"

"देवीचं काम हाय, सुभद्राबाई. आपल्या वाटेनं जा."

"सोवळ्यानं बसले?"

उत्तर झरोक्यातून सत्यभामाबाईंनी दिलं. "शेणावर बसले हायत. त्याहून मोठं सोवळं कोणतं?"

सुभद्राबाई हसत हसत आत गेली. आता हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे वामनरावांना कळून चुकलं. उठताही येईना. पाहण्यासारखं समोर दुसरं काही नव्हतं, म्हणून ते समोरच्या कुंपणाकडे पाहत राहिले.

कुंपणाला भोपळ्याचे वेल होते. बिया त्यांनीच लावल्या होत्या, जून लागताच, एकाच हाताने, एकाच दिवशी. काही पलीकडे त्यांच्या उकिरड्यालगत, काही इकडे, जिथे हौदातून बाहेर पडलेलं पाणी पावसाबरोबर वाहून साचत असे. पलीकडचे वेल बरे होते. नावं ठेवण्यासारखे नव्हते. इकडच्या वेलांची पानं सुपाएवढी, काळपट हिरवी, आणि कुंपण त्यांच्या भाराने वाकलेलं. वामनरावांनी मान फिरवली. पुन्हा पाहिलं. शेतकऱ्याच्या डोळ्याला पीक दाखवलं की तो डोळा मालकाचं ऐकत नाही.

आतून ताटं मांडल्याचा आवाज आला तेव्हा ते उतरले. जाताना, कुणी पाहत नाही असं बघून, त्या वेलाच्या मुळाशी बोटं खुपसली. मूठभर काळी माती वर काढली आणि नाकाशी नेली. ताक असतं तर आंबूस वास आला असता. वास मातीचाच होता.

हात धुऊन, दुसरं धोतर नेसून, ते आरतीला उभे राहिले.

*

संध्याकाळी हळदीकुंकवाला गावच्या बाया आल्या. सुभद्राबाईने देवीला नमस्कार केला, ओटी भरली आणि म्हणाली, "सत्यभामाबाई, एक देवी पाह्यली. आता दुसरी दाखवा."

"दुसरी कोणती?"

"निळी."

सैपाकघराच्या दारात गर्दी झाली. दुपारपासून थोडका गॅस जमला होता. रुक्मिणीने जाळ लावला, करंगळीएवढा. बाया वाकून वाकून पाहू लागल्या.

"धूर कुठून जाते याचा?"

"धूर होतच नाही, मावशी."

"मंग डास कशानं जातील?"

"पोळीले वास येते का वं शेणाचा?" एकीने विचारलं, तशी सुभद्राबाईने हातातली पुरणपोळी तिच्या नाकाखाली धरली. "घे. दोन खाल्ल्या म्या. आला वास तर मलेही सांग."

ओसरीवर वामनराव आणि शालिग्राम बसले होते, मध्ये पानाचा डबा आणि दोघांत न संपलेलं भांडण. सत्यभामाबाई बाहेर आल्या, खांबाला टेकून बसल्या. त्यांच्यामागून तानाबाई आली आणि दाराआड उभी राहिली.

"भाऊजी," सत्यभामाबाई म्हणाल्या, "देवी घरात हाय तोवर इचारून घेते. कोठ्यात भिंत कवा घालता?"

वामनराव सुपारी कातरत राहिले. "वहिनी, देवीच्या घरात खोटं नाही बोलत. मले अजून पटलं नाही. आज काम झालं, खरं हाय. पण माणूस चुलीवर जगत नाही, वावरावर जगते. सत्त्व जाळून टाकलेलं शेण..."

"तुमच्या ढोराचं अर्धं शेण मी जाळते."

बोलली ती तानाबाई होती. दाराआडून, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. नवऱ्याच्या बोलण्यात तिने आजवर कधी शब्द घातला नव्हता, म्हणून क्षणभर कुणाला कळलंच नाही की कोण बोललं.

"काय म्हणतं?"

"दिवाळीपासून मिरगापर्यंत गोवऱ्या थापते मी. अर्धा उकिरडा भिंतीले लावते अन् चुलीत घालते. त्याची राख होते. त्या राखेतलं सत्त्व कुठं गेलं, हे तुम्ही कवा नाही इचारलं." ती थांबली, श्वास घेतला. तो सरळ आला. "हौदात घातलं तर जाळ मले मिळते, खत तुमाले मिळते. मले एवढंच समजते. बाकी तुम्ही जाणा."

शालिग्रामने तोंड उघडलं. सत्यभामाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. आपलं खरं ठरत असताना गप्प बसणं त्याला जड गेलं, पण तो बसला.

वामनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना जे म्हणायचं होतं ते बायकोला म्हणायचं होतं, पण चारचौघांत बायकोशी बोलायची सवय नव्हती, म्हणून ते वहिनींशी बोलले.

"नदीकाठच्या वावराचे दोन भाग करतो. अर्ध्या पऱ्हाटीले माह्या उकिरड्यातलं खत. अर्ध्याले हौदातलं, पातळ करून. एकच बियाणं, एकच पाऊस. वेचणीले कापूसच सांगन."

"अन् तोवर?"

"तोवर भिंत नाही. शेण हौदात."

"सहदेवले सांगतो मी, देवी बोळवली की बंडी जुंपाले," शालिग्राम उतावीळपणे म्हणाला.

"नको. सहदेव घाई करते, अन् मुळाशीच ओतते, माह्यासारखं." वामनराव पहिल्यांदा थोडे हसले. मग दाराच्या दिशेने, पण दाराकडे न पाहता म्हणाले, "मी माह्या हातानं टाकीन. देवी गेली की पहिलं काम हेच. शब्द हाय माहा."

तानाबाई आत गेली. बायांना चहा द्यायचा होता.

"अन् हारले तर?" सुभद्राबाईने आतूनच विचारलं. कान तिचे इकडेच होते.

"कोण, मी का शालिग्राम?"

"कोणीही हारा. मले कळवा. आमच्या घरी तुमच्या कापसाकडं पाहून हौद खणाचा हाय. अन् टोपीवर बसाले आमच्याकडं कोणी एवढं जाडं नाही."

हसण्यात ओसरी बुडाली, आणि त्या हसण्यात वामनराव आणि शालिग्राम यांचे आवाज एकमेकांत मिसळले. पोळ्यानंतर पहिल्यांदाच.

*

देवी बोळवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तानाबाईला जाग आली तेव्हा बाजूचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. फटफटलं होतं. ती मागच्या दारापर्यंत गेली आणि दाराआड थांबली.

हौदापाशी वामनराव वाकले होते. बाहेर आलेलं काळं पाणी ते घमेल्याने बंडीतल्या पिंपात घालत होते. एक घमेलं, मग विहिरीच्या पाण्याच्या दोन बादल्या, मग काठीने ढवळणं, मग बोटावर घेऊन दाटपणा पाहणं. पटलं नाही तशी अजून अर्धी बादली ओतली. बंडी जुंपलेली होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा त्यांनी काढून खुंटीला अडकवल्या होत्या. गाव उठायला नको होतं, सुभद्राबाई तर नकोच. बंडीत निरगुडीच्या चार हिरव्या फोकी होत्या. वावराच्या मधोमध खूण करायला.

तानाबाई चौकटीला टेकून पाहत राहिली.

त्यांनी पिंपाच्या तोंडावर गोणपाट बांधलं, दोरी ओढून पाहिली आणि धुरेवर चढून बसले. बंडी निघाली. चाकं ओल्या मातीतून बिनआवाजाची गेली. गल्लीच्या वळणावर खड्डा आला, पिंप हिंदकळलं आणि गोणपाटाखालून थोडं पाणी बाहेर सांडलं. वामनरावांनी बैल थांबवले. खाली उतरले. दोरी पुन्हा घट्ट केली, आणि मग धुरेवर न बसता, कासरा हातात घेऊन, बैलांच्या पुढे होऊन, नदीच्या वाटेने हळूहळू पायी चालू लागले.